चालणारे आयन, रुसलेला दिवा

लेकीच्या प्रयोगवहीत कृती तीन ओळींची होती. मिठाचं पाणी, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, नऊ व्होल्टची बॅटरी, दिवा. ‘दिवा लागतो.’ त्या ‘लागतो’पायी माझा रविवार गेला.

आधी टॉर्चचा बल्ब लावला. ढिम्म. मी मीठ वाढवलं. आणखी वाढवलं. अर्ध्या ग्लासात आठवा चमचा पडल्यावर मिठानं विरघळणंच सोडलं आणि ते तळाशी ढीग करून बसलं.

“बाबा, समुद्र करायचाय का?”

दोष मिठाचा नव्हताच. त्या बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात, एवढी वीज पेन्सिलींतून आणि पाण्यातून कुठून जायला! लेकीनं मोडक्या खेळण्यातला एलईडी काढून दिला. त्याला दोन-चारही चालतात. मी जोडला. तोही ढिम्म. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते; तिनं गुपचूप त्याचे पाय उलटे केले. लागला.

मग तिनं नुसतं नळाचं पाणी घेतलं, तर त्यातही तो मिणमिणला. वहीत ‘शुद्ध पाणी’ लिहिलंय, आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम वगैरे मंडळी आधीच मुक्कामाला असतात, हे सांगताना मला जरा बरं वाटलं.

“आयन धावतात का?” तिनं विचारलं. आयन म्हणजे मीठ विरघळल्यावर सुटे होणारे, विद्युतभार असलेले कण; पाण्यातून वीज नेतात ते हेच.

“सुसाट!” मी ठोकून दिलं. मग पाहिलं, तर सेंटिमीटरला एक व्होल्ट या हिशेबानं सोडियमचा आयन तासाला जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतो. दिवा लगेच लागतो, कारण ग्लासातले सगळे आयन एकदमच हलतात. या पेन्सिलीपासून त्या पेन्सिलीपर्यंत कुणी धावत जात नाही. ‘आयन’ हा ग्रीक शब्द फॅरेडेनं 1834 मध्ये रूढ केला. अर्थ, चालणारा. ‘धावणारा’ म्हणाला नाही, शहाणा माणूस. त्यातही लिथियम पोटॅशियमहून लहान असून मागे पडतो, कारण पाण्याच्या रेणूंचं मोठं लटांबर अंगाला चिकटवून निघतो. प्रवासाला निघालेला मीच.

एवढ्यात आतून प्रश्न आला, “तरणतलावाचा वास कुठून येतोय?” एका पेन्सिलीला हायड्रोजनचे बारीक मणी लगडले होते, दुसरीकडून क्लोरीन. मी धावत खिडकी उघडली.

स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसचा याच विषयावरचा, म्हणजे द्रावणातून वीज कशी वाहते यावरचा, 1884 चा प्रबंध परीक्षकांनी कसाबसा पास केला होता, नोबेल मिळालं 1903 मध्ये. हे मी लेकीला ऐकवत होतो, तेव्हा ती वहीत ‘दक्षता’ लिहीत होती:

‘1. खिडकी उघडी ठेवावी. 2. मोठ्यांच्या हाती मीठ देऊ नये.’