आधी कोड विचारा, मग विमानाचं तिकीट

आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'अमेरिकेत मास्टर्सला डेटा अ‍ॅनालिटिक्स कॉन्सन्ट्रेशन घ्या. गणित लागत नाही. चार-पाच सोपे विषय, नापास कुणी होत नाही, शेवटी एक प्रोजेक्ट. वर तीन वर्षं नोकरीची परवानगी आपोआप.' डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणजे आकडेवारी चाळून निष्कर्ष काढणं, आणि कॉन्सन्ट्रेशन म्हणजे पदवीच्या आत निवडलेला विषयांचा गट. पाठवणारे सगळे आपलेच, हेतूही चांगला. पण दांडिया बाजारात माझ्याकडे स्टॅटिस्टिक्स शिकायला येणारी दोन मुलं हा मेसेज दाखवून 'सर, मग आता येऊ नको का?' म्हणाली, तेव्हा लिहायला बसलो. माझा स्वार्थ आहे, तो आधीच कबूल.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण त्यावर घरं गहाण पडतात. शिक्षणानंतर १२ महिने काम करायची मुभा कुठल्याही शाखेच्या मुलाला मागता येते. पुढचे २४ महिने फक्त अमेरिकन सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला, आणि पदवी यादीत आहे की नाही हे आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापलेल्या सीआयपी कोडवरून, म्हणजे अभ्यासक्रमाच्या क्रमांकावरून ठरतं. कॉन्सन्ट्रेशनच्या नावाला तिथे कुणी विचारत नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोड ३०.७१०१, तो जानेवारी २०२२ मध्ये यादीत आला. साध्या एमबीएचा ५२.०२०१, तो यादीत नाही. एमबीएला अ‍ॅनालिटिक्सची शेपटी जोडली आणि कोड तोच राहिला, तर ते २४ महिने विसरा. शिवाय 'आपोआप' काहीच नाही: दोन्ही वेळा अर्ज करावा लागतो, आणि वाढीव मुदतीसाठी नोकरी देणारा ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदलेला लागतो. अलकापुरीत एजंटाकडे जाल तेव्हा ब्रोशर बाजूला सारून आधी कोड विचारा.

'चार-पाच विषय' हे निम्मं खरं. कॉन्सन्ट्रेशन ही वेगळी पदवी नव्हे. मास्टर्स साधारण ३० ते ३६ क्रेडिटचं, विषय सहसा ३ क्रेडिटचा. त्यातले तीन ते पाच विषय अ‍ॅनालिटिक्सचे, उरलेले मूळ पदवीचे. ते कोण करणार?

नापास होण्याचं म्हणाल तर तिथे सरासरी बी, म्हणजे ४ पैकी ३.० राखावी लागते. चाळीस टक्क्यांत सुटायची आपली सवय तिथे चालत नाही. दोन विषयांत सी आला की सल्लागाराची ईमेल येते. प्रोजेक्टबद्दल एवढंच, की तो बहुधा गटात असतो आणि गटातला आळशी कोण हे सगळ्यांना कळतं.

आता गणित. बहुतेक ठिकाणी प्रवेशाआधी स्टॅटिस्टिक्स मागतात, पुष्कळ ठिकाणी कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि थोडं प्रोग्रामिंगही. का मागतात? एक उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेश मिळाला पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्क्यांना, स्त्री अर्जदारांपैकी ३५ टक्क्यांना. उघड पक्षपात, असं वाटतं. विभागवार पाहिलं तर तो जवळपास नाहीसा होतो, कारण जिथे प्रवेश अवघड त्या विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपण होऊन सांगत नाही.

दुसरं उदाहरण घरचं. ओळखीच्या एका फरसाणवाल्याचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. महिन्याची विक्री गल्ल्यापेक्षा बरीच जास्त दिसत होती. बिलांची एक फाइल, पेमेंटची दुसरी, बिल नंबरवर जोडलेल्या. मी म्हटलं, एक बिल उघड. ६०० रुपयांचं बिल, ३०० रोख, ३०० यूपीआय. पेमेंटच्या ओळी दोन, म्हणून जोडल्यावर बिलाच्याही दोन झाल्या आणि ६०० चे १२०० मोजले गेले. एररचा लाल शब्दसुद्धा नाही. मेसेजमधल्या त्या 'सोप्या' विषयांपैकी डेटाबेसच्या विषयात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात: ओळ कशाची आहे, ते आधी ठरव.

परवा त्याने पेमेंटची बिलवार बेरीज केली आणि मग जोडलं. गल्ल्याशी ४० रुपयांचा फरक उरला. ते वडिलांनी चहासाठी काढले होते.