‘ऑक्युपेशनल थेरपीला कायदाच नाही’ हा दावा खोटा आहे

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार) ही फिजिओथेरपीचीच शाखा, तिला कायदा लागू नाही, म्हणून सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या कुणाकडेही मूल न्यायला हरकत नाही. हे शेवटचं वाक्य तर धोक्याचं आहे.

कायदा आहे, आणि तो नवाही नाही. महाराष्ट्रात २००२ च्या अधिनियमानुसार व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची राज्य परिषद आहे आणि थेरपिस्टची नोंदणी तिच्याकडे होते. अशा आरोग्य व्यवसायांसाठी आयोग नेमणाऱ्या केंद्राच्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपी तिसऱ्या वर्गात, ऑक्युपेशनल थेरपी सहाव्या. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवण्यासाठी त्याच कायद्यात किमान ३६०० तासांची पदवी लागते. सहा महिन्यांत ती होत नाही.

राज्याची परिषद एकच असल्यामुळे ‘शाखा’ हा गैरसमज पसरला असावा. अभ्यासक्रम मात्र वेगळा. कमलाताई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून ते स्वतंत्रच आहे.

‘खेळवणं कुणालाही जमतं’ असंही त्या मजकुरात असतं. पण या कामात किती नेमकेपणा लागतो, हे कळायला हाताची मागची बाजू भाजलेल्या रुग्णाचा स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, बघा. मनगट सुमारे ३० अंश मागे, बोटांच्या मुळांचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले, पुढचे सांधे सरळ. मुळांचे सांधे सरळ ठेवले, तर त्यांच्या बाजूचे अस्थिबंध आखडतात आणि जखम भरली तरी मूठ वळत नाही. मग जेवण, बटण, पेन, सगळंच अडतं. स्प्लिंट पहिल्यांदा घातल्यावर अर्ध्या तासाने काढून मनगटाच्या हाडावर लाली राहिली आहे का, हे पाहावंच लागतं. राहिली असेल तर तिथे दाब पडतोय, आकार बदलायला हवा. मुलांच्या थेरपीतही खेळ हे साधन आहे. कोणता खेळ, कशासाठी, हे मूल्यमापनावरून ठरतं.

भिंतीवरच्या प्रमाणपत्रांमुळेही फसगत होते. पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) क्रमांक विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ अशांना मिळतो; ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या यादीत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या १९५२ पासूनच्या अखिल भारतीय संघटनेचं सदस्यत्व चांगलंच, पण तो व्यवसायाचा परवाना नव्हे.

म्हणून पहिल्याच भेटीत पदवीचं पूर्ण नाव, राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख विचारा. मूल्यमापनाचा लेखी अहवाल मागा. ‘तीन महिन्यांत स्वतः शर्टाची बटणं लावेल’ असं मोजता येणारं उद्दिष्ट त्यात नसेल, तर पुढच्या सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका.