ओझं उतरायचा वड

आज हिंडलग्याहून गावाकडं येताना वळणावर नुसतं आभाळ दिसलं. गाडी बाजूला घेतली. वड आडवा पडलेला. बुंध्यावरचे पांढरे-तांबडे पट्टे तसेच, आणि कापल्या जागेतून चीक गळतोय. रस्त्याच्या बाजूच्या पारंब्या दरवर्षी उसाच्या गाड्यांसाठी तोडायचे, त्यामुळे सगळे खांब शेताच्या अंगाला. करवतवाला पोरगा म्हणाला, "तीन तासांत काम झालं, सर." तीन तास!

त्या वडाखाली छातीएवढा उंच एक दगड आहे. आई रताळ्याची बुट्टी डोक्यावर घेऊन बेळगावला मार्केटला चालत जायची. त्या दगडावर बुट्टी नुसती सरकवायची, आणि परत उचलताना कुणाला "जरा हात लाव" म्हणायची गरज नाही. मग ती दोन्ही हातांनी मान दाबत बसायची. मी पदर धरून वर बघायचो, साळुंक्यांचा नुसता कालवा.

रस्ता रुंद हवा, कबूल. रात्री पेशंट घेऊन निघालं की कळतं. वडाच्या सावलीत भात पोसवत नाही, हेही खरं. पण शेत तरी कुठं उरलंय? बासमतीचा वास यायचा तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेत.

म्हणे एकाला दहा झाडं लावणार. कुठं? दुभाजकात कण्हेर! कण्हेरीखाली कुणाची आई बसणार आहे? तिकडं बेंगळुरूकडं हुलिकल ते कुदूर रस्त्यावर सालुमरद तिम्मक्कांनी नवऱ्याबरोबर घागरीनं पाणी घालून 385 वड वाढवले. 2019 ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले होते. मीही केला होता. आणि या वडाला पट्टे मारले तेव्हापासून मी रोज इथून गाडीनं गेलो, काच वर करून. चालत असतो तर थांबलो असतो. आपल्यातलं कोण चालतंय आता?

आईला फोन केला. झाडाबद्दल काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "दगड हाय काय बघ की."

परत वळलो. दगड मुरमाच्या भरावात गेलाय, वर वीतभर दिसतोय. बुट्ट्या घासून घासून गुळगुळीत झालेला. उद्या सकाळी रोलर फिरायच्या आत काढायचा आहे. ट्रॅक्टर मिळालाय. कुणाकडं जाड साखळी असेल तर आज रात्रीच कळवा.