मिस्टर कुठे गेले होते?

नौपाड्यातल्या आमच्या बँकेत काल जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. विषय एवढासा. बँकॉकला मी एटीएममधून पाच हजार बाट काढायला गेले, मशीनने आतल्या आत नोटा मोजल्याचा खडखडाट केला, कार्ड परत दिलं, थाई अक्षरातली चिठ्ठी दिली, फक्त नोटाच दिल्या नाहीत. हॉटेलवर पोचेपर्यंत चौदा हजारांच्या घरातली रक्कम गेल्याचा मेसेज. त्यात परदेशी कार्डासाठी लावलेली 220 बाट फी पण धरलेली. न दिलेल्या पैशांची फी!

बरं, मी तयारीनिशी गेले होते. 2020 पासून आपली कार्डं परदेशासाठी बंदच येतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागतात, ते केलं होतं. मशीन गोड आवाजात 'रुपयातच कापू का?' विचारतं तेव्हा नाही म्हणायचं, कारण तो रेट लुटीचा असतो, हेही माहीत होतं. तर ते असो.

काउंटरवरचा मुलगा, माझ्या भाच्याच्या वयाचा, स्क्रीनकडे बघत अख्ख्या शाखेला ऐकू जाईल असा म्हणाला, "मॅडम, हे तर बँकॉकचं दाखवतंय."

"हो, बँकॉकचंच आहे."

"कार्ड कोणाकडे असतं? मिस्टरांकडे?"

"माझं कार्ड आहे, माझ्याकडेच असतं."

"नाही, म्हणजे मिस्टर कुठे गेले होते का इतक्यात?"

झालं. पासबुक छापायच्या लायनीतले एक काका, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, ते आपली पिशवी नंबरासाठी लायनीत ठेवून माझ्याजवळ आले. आवाज दवाखान्यात भेटायला आल्यासारखा.

"ताई, चिडू नका. आमच्या सोसायटीत पण झालं हे. कॉन्फरन्स म्हणून सांगून गेले होते."

"काका, मी गेले होते. मी स्वतः. मैत्रिणींबरोबर."

काकांनी डोळे मिटून मान डोलावली. "असंच सांगायचं. घरातली गोष्ट घरात."

मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "वय काय मिस्टरांचं?" मी कशाला उत्तर दिलं देव जाणे, पण दिलं. अठ्ठावन्न. त्या म्हणाल्या, "हां. तेच वय."

आता माझा नवरा म्हणजे कापूरबावडीचं ट्रॅफिक नको म्हणून घोडबंदरला सख्ख्या बहिणीकडे न जाणारा माणूस. राखी बांधायला तीच बिचारी येते. मी बँकॉकला असताना हा घरी रोज डब्याची भाजी कालच्यापेक्षा तिखट आहे एवढंच मला व्हॉट्सॲपवर कळवत होता.

शेवटी मी पासपोर्ट काढला, शिक्क्याचं पान उघडून काचेवर आपटलं. मुलाच्या आधी काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे दोघं गेला होतात? तुमच्यासमोरच काढले?"

मुलगा म्हणाला, तिकडच्या बँकेला क्लेम पाठवू, ते मशीनची कॅश मोजून बघतील, पंचेचाळीस दिवस धरून चला, लागलं तर सीसीटीव्ही फुटेज पण मागवता येईल. काका लगेच, "मागवा, मागवा. फुटेजमध्ये येतीलच मिस्टर."

खरं सांगू, काकांपेक्षा त्या पंचेचाळीस दिवसांचा राग जास्त आला. इथे ठाण्यात मशीनने असं केलं असतं तर रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर पुढे दर दिवसाचे 100 रुपये बँकेने द्यायचे. पण तो फक्त देशातल्या व्यवहारांना. सीमा ओलांडली की पैसे आमचे, चूक मशीनची आणि वाट बघायची आम्हीच. अर्ज पण हाताने लिहायचा, ॲपमध्ये तक्रारीच्या यादीत 'परदेशी एटीएम' नावाचं काही नाहीच. परदेशात कार्ड चालू करायचं बटण मात्र सापडतं बरोबर, ते वापरलं की वर मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा कमिशन, आणि त्या मार्कअपवर जीएसटी.

आणि एक आठवलं. 1967 साली लंडनच्या एनफिल्डमध्ये बार्कलेजने बसवलं ते पहिलं एटीएम मानतात, ते करणारे शेफर्ड-बॅरन आपल्या शिलाँगमध्ये जन्मलेले. ते सांगायचे की पिन सहा आकडी करणार होतो, बायको म्हणाली मला चारच लक्षात राहतात, म्हणून चार. म्हणजे तिकडे एक बाई काही बोलली तर सगळ्या जगाचा पिन बदलला, आणि इथे मी पासपोर्ट घेऊन उभी आहे तरी मीच बँकॉकला गेले होते हे कोणाला पटत नाही.

अर्ज लिहून दिला. मुलाने खालपर्यंत वाचला, शिक्का उचलला आणि थांबला. "मॅडम, जॉइंट अकाउंट आहे. मिस्टरांची पण सही लागेल."

"अहो, आयदर ऑर सर्व्हायव्हर आहे, एकाची चालते."

"डिस्प्यूटला दोघांची घेतो आम्ही. उद्या त्यांना घेऊन या ना."

काकांचं पासबुक एव्हाना छापून झालं होतं, तरी ते गेले नव्हते. रबरबँड लावता लावता म्हणाले, "आणा त्यांना, ताई. इथे कोणी काही बोलणार नाही."