न्हाणीघर कोणाचं?

सावंतवाडीत भाड्याने घर घेतलं तेव्हा करारात पाणीपट्टी, वीजबिल, भिंतीला खिळे ठोकायची मनाई, सगळं होतं. न्हाणीघर आधीच कुणीतरी व्यापलंय, हे मात्र कुठेच नव्हतं.

हा झाडबेडूक. नाव झाडाचं, मुक्काम गीझरमागे. साधा बेडूक जमिनीवर असतो; पाय जपून टाकला की झालं. याच्या बोटांच्या टोकाला चकत्या असतात, त्या टेकवत हा गुळगुळीत टाइल्सवरून थेट छतापर्यंत जातो. म्हणून आंघोळ वर बघत करायची. डोळ्यात साबण गेला की तेही जमत नाही, आणि नेमकं तेव्हाच 'थप्प' होतं. कशावर, ते डोळे धुतल्यावर कळतं.

त्यात हा रंग बदलतो. काल पिवळट होता, आज तपकिरी. बायकोच्या मते दोन आहेत, माझ्या मते एकच. वाद अजून मिटलेला नाही.

डब्यात घालून परसातल्या पेरूवर सोडून पाहिलं. संध्याकाळी साहेब पुन्हा शॉवरवर हजर. (तोच की दुसरा, हा वाद पुन्हा नको.) त्याचंही बरोबरच आहे म्हणा. तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर सुकून जाईल. इथे अंधार, ओल, शिवाय दिव्यावर येणारे किडे. जेवणाखाण्यासकट सोय! १८३० साली ग्रे नावाच्या इंग्रजाने याची शास्त्रात नोंद केली, तेव्हा गीझर नव्हते. पण चुन्याच्या गार भिंती याला तितक्याच आवडायच्या.

घरमालकीण काकूंकडे तक्रार केली. "खाता काय तो तुमका? डास खाता. ऱ्हवांदे थयच."

मग पाऊस लागला आणि रात्रभर भिंतीमागून टक्-टक्-टक्. एका सकाळी बायको ओरडली, "शेव्हिंगचा फेस पिंपाला कशाला थापलास?" मी तर दाढी ठेवतो. मादीने मागच्या पायांनी घुसळून केलेलं ते घरटं होतं. फेस बाहेरून सुकतो, आत ओला राहतो, त्यात अंडी. पिल्लं फुटली की टपाटप खालच्या पाण्यात, म्हणजे आमच्या आंघोळीच्या.

काकू बघून खूश. "आता ह्या पिंपाक हात लावू नकात."

"मग आम्ही आंघोळ कुठे करायची?"

"बावीर."

भर पावसात विहिरीवर! निदान भाडं तरी कमी करा म्हटलं, तर काकू फणकारल्या, "कमी? इतकी जणां ऱ्हवतत, तेंचा भाडा मागलंय काय मी तुमच्याकडे?"