मी कुठे बोलतोय, मी फक्त सांगतोय

काल दादरला मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या टुर्नामेंटमध्ये मी सात पानं परत केली आणि तेव्हापासून एक अनोळखी काका डोक्यातून जायला तयार नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: डेक 60 पानांचा, पहिला हात सात पानांचा, आणि हातात लँड, म्हणजे ज्यांच्या जोरावर बाकीची पानं खेळता येतात ती पानं, नसतील तर बाकीची पानं नुसती बघत बसायची. हात बेकार आला तर मलिगन. सगळं परत, पिसा, पुन्हा सात घ्या, पण त्यातलं एक डेकच्या तळाला. 2019 पासून असं आहे, आधी सरळ सहाच मिळायची. आणि 60 मध्ये 24 लँड भरली तरी साधारण सात हातांमागे एकात शून्य किंवा एकच लँड येतं, गणित आहे, मी पनवती नाही.

तर हातात एक लँड आणि सहा महागडी, म्हणजे खेळायला जास्त लँड लागणारी पानं. मी गोळा करायला लागलो तर मागून आवाज, "अहो टाकताय काय, किती छान चित्रं आहेत."

नातवाला घेऊन आलेले काका. म्हटलं काका, मॅच चालू आहे, मध्ये बोलायचं नसतं.

"मी कुठे बोलतोय? मी फक्त सांगतोय. जन्म गेला कल्याण फास्टमध्ये रमी खेळण्यात. पहिला ड्रॉप केला की 20 पॉइंट अंगावर. तुमच्यात काय जातं?"

"एक पान."

"म्हणजे पैसे भरायचे पूर्ण आणि खेळायचं कमी पानांनी?"

समोरचा पोरगा फिदीफिदी हसतोय. दुसऱ्या हातात सहा लँड आली, तीही टाकली. काकांनी असा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलवरचे वळून बघायला लागले. पाच पानांवर खेळलो, हरलो. तर या माणसाने माझ्या डेकचं वरचं पान स्वतःच्या हाताने उलटलं! "बघा, लँड! ठेवला असतात तर हेच आलं असतं."

"काका, मध्ये दोनदा पिसलंय."

"पिसल्याने नशीब बदलतं होय?"

यावर काय बोलणार. कॅरमच्या मागेही असे चौघं उभे असतात, कट मार कट मार, पण ते निदान स्ट्रायकरला हात लावत नाहीत. आणि ज्याने यांना गप्प करायचं तो मॅचचा जज कोल्ड्रिंकचे सुटे मोजत होता. एन्ट्री फी घेताना मात्र बरोबर लक्ष असतं, ते जाऊ दे.

शेजारी नातवानेही एक लँडवाला हात ठेवला होता, पहिली टर्न त्याचीच, आणि जिंकला. मी काकांना नीट सांगायला गेलो, की उरलेल्या 53 पानांत 23 लँड, म्हणजे दुसऱ्या टर्नला मिळायची शक्यता 43 टक्के, अर्ध्याहून जास्त वेळा पोरगा अडकणार.

काका म्हणाले, "पण मिळालं ना?"