सेन्सरच बदलून टाका ना, साहेब!

गाडीच्या मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. आमच्या गाडीत तो मे महिन्यात लागला. नागपूरहून खापरी सोडून वर्धेला लग्नाला निघालो होतो. बायको म्हणाली, "दिवा लागला." मी म्हणालो, "असू दे, शुभकार्याला निघालोय." त्या शुभ दिव्याने पुढच्या दोन महिन्यांत माझे १२,२०० रुपये खाल्ले. एवढी फी भरून झाल्यावर चार शब्द सल्ला द्यायचा हक्क मला पोचतो.

सगळ्यात आधी, बोनेट उघडू देऊ नका. वाकून इंजिनकडे पाहणारा मिस्त्री मागच्या जमान्यातला. आजचा मिस्त्री ड्रायव्हरच्या दारातून हात घालतो, स्टीअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट चाचपतो, त्यात गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारी डबी खुपसतो आणि मोबाइलकडे बघत सांगतो, "ओटू सेन्सर गेला जी तुमचा." एकूण वेळ चाळीस सेकंद. ज्योतिषाला पत्रिका उलगडायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो निदान जन्मवेळ तरी विचारतो.

कोड कोणता आला ते विचारू नका. विचारलात तर पंचाईत होते. मी विचारलं. पी ०१७१ आणि पी ०१३१ असे दोन निघाले. पहिल्याचा अर्थ, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. दुसऱ्याचा अर्थ, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडून (तोच तो 'ओटू') येणारं व्होल्टेज कमी आहे. 'सेन्सर मेला, नवीन आणा' असं दोन्हींत कुठेही लिहिलेलं नाही. पण कोडच्या वर्णनात 'सेन्सर' हा शब्द आला ना, मग झालं तर. चोरी झाल्याची वर्दी द्यायला आलेल्या माणसालाच कोठडीत टाकायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

आवाजाबद्दल तर चकार शब्द काढू नका. आमची गाडी सकाळी थंड असताना (मेमध्ये नागपुरात जितकी थंड असू शकते तितकी) पहिली दोन-तीन मिनिटं शिवणयंत्रासारखी टिक्-टिक् करायची आणि तापली की गप्प व्हायची. हे मी तीन गॅरेजांत सांगितलं. पहिला म्हणाला, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळचा एक भाग. दुसरा म्हणाला, "पेट्रोलच तसं येऊन राहिलं साहेब, सगळ्याच गाड्या वाजून राहिल्या." तिसऱ्याने मान हलवली आणि चहा सांगितला. चहा चांगला होता.

पेट्रोलचं निघालंच आहे तर, कोणत्याही दुखण्याला ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हे कारण मान्य करा. डोकेदुखीलासुद्धा चालेल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ते मिसळलेल्या पेट्रोलवर गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्त इंधन सोडतो, हे खरं आहे. थोडं. आमच्या गाडीत जात होतं तसं चोवीस टक्के नाही.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून घ्या. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. १,२०० रुपये.

बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावा. दिवा जातो आणि संध्याकाळी येतो.

पीयूसीची चिंता करू नका. ती निघते.

आता मुख्य उपचार. पहिल्या गॅरेजात ४,२०० रुपयांत सेन्सर बदलला. जुना मी मागून घेतला आणि डिकीत टाकला. तेवढं एक शहाणपण सुचलं. दिवा चार दिवस गेला. जाणारच, कोड पुसला होता ना! पाचव्या दिवशी व्हरायटी चौकातल्या सिग्नलला, टळटळीत उन्हात, तो परत उगवला. अ‍ॅव्हरेज एव्हाना १७ वरून १३ वर आलं होतं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने नवीन सेन्सर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि हळहळला, "डुप्लिकेट टाकला जी त्याने तुम्हाले. ओरिजनल टाकू." ओरिजनलचे ६,८००. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण एकाच गुन्ह्यात लागोपाठ दोन संन्याशांना फाशी देण्याचा मान बहुतेक माझाच.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा मला अजून पचलेला नाही.

हा सेन्सर करतो काय? सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनपासून जवळच, त्याचं नाक खुपसलेलं असतं. आत झिर्कोनियाची चिनीमातीसारखी टोपी असते. ती तीनशे अंशांच्या वर तापली की आतला धूर आणि बाहेरची हवा यांच्यातल्या ऑक्सिजनचा फरक ओळखून स्वतःच व्होल्टेज तयार करते. पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी झालं की ०.१ च्या आसपास. कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमीजास्त करत राहतो, त्यामुळे गरम इंजिनावर हा आकडा ०.४५ च्या खालीवर सारखा झुलत असतो. १९७६ मध्ये व्हॉल्वोच्या गाड्यांवर बॉशने हा पहिल्यांदा बसवला, तेव्हापासून त्याची एकच नोकरी: चाखून सांगणं.

आता समजा तुम्ही सावजी रस्सा करताय. चाखणाऱ्याला वाटीत रस्सा दिला, पण वाटी स्वयंपाकघरातून त्याच्यापर्यंत येताना मधेच कोणीतरी तिच्यात पाणी ओततंय. चाखणारा प्रामाणिकपणे सांगतो, "पानचट आहे." तुम्ही पातेल्यात तिखट वाढवता. तो परत म्हणतो, "पानचट." तुम्ही परत वाढवता. पंगतीच्या कानातून धूर निघायला लागतो, आणि तुम्ही काय करता? चाखणारा बदलता! नवीन चाखणारा येतो, ओरिजनल, ६,८०० रुपयांचा. त्याच वाटीतून चाखतो आणि म्हणतो, "पानचट."

तपासायला काय लागतं? त्याच डबीत, त्याच मोबाइलवर, दोन बटणं पुढे गेलं की सेन्सरचा ग्राफ दिसतो. इंजिन गरम करायचं, अडीच हजार आरपीएमवर धरायचं आणि बघायचं, रेषा झुलते की एका जागी पडून राहते. खालीच पडून असेल तर हवेच्या पाइपात कार्ब क्लीनरचा एक फवारा मारायचा, तो पेट्रोलसारखाच जळतो. रेषा टुणकन वर आली तर सेन्सर जिवंत आहे आणि खोटं दुसरंच कोणीतरी बोलतंय. सेन्सरला तापवणाऱ्या आतल्या हीटरचा कोड असेल, पी ०१३५, तर आधी फ्यूज बघायचा, मग सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावायचा. थोडे ओहम आले तर हीटर ठीक, काहीच आलं नाही तर तुटला. दहा मिनिटांचं काम. वर्धा रोडच्या एका सिग्नलवर यापेक्षा जास्त वेळ जातो.

सोडा. सल्ले पुढे चालू.

तिसऱ्या ठिकाणी गेलात तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर साफ करणाऱ्या डब्याचा, भाव ऐकायची मानसिक तयारी ठेवा. मला चाळीस हजार सांगितला. गंमत म्हणजे, तशीच चालवली असती तर तो खरंच गेला असता. न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळतं आणि त्याला भाजून काढतं.

आणि काही झालं तरी कॉटन मार्केटमागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊ नका. या माणसाला धंदा कळत नाही. डबी त्याच्याकडेही आहे. लावली, कोड वाचला, ग्राफ पाहिला, चोवीस टक्के जादा पेट्रोल जातंय हे पाहिलं. आणि मग बोनेट उघडलं! एक प्लग काढला. काळा कुळकुळीत. तो माझ्यापुढे धरून म्हणाला, "दिवा म्हणते पेट्रोल कमी. प्लग म्हणते पेट्रोल जास्त. दोघांतून एक खोटं बोलून राहिला साहेब. गाडी रात्री इथंच ठेवा, मले थंडी पाहिजे."

सकाळी सात वाजता त्याने गाडी चालू केली. टिक्-टिक्. पोराला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायला लावलं. टिक्-टिक् ची फस्-फस् झाली. टॉर्च मारून त्याने मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर बोट ठेवलं. तिथे काजळीचा ओघळ होता आणि वरच्या एका स्टडचा नट गायब. धुराच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि पुढे सेन्सर तीच चाखत होता. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट थोडी मिटते, आवाज बंद होतो. पॅकिंग, नट, मजुरी: ८५० रुपये. मग त्याने डिकीतला जुना, 'गेलेला' सेन्सर मागितला आणि लावून दाखवला. रेषा अशी झुलत होती की बघत राहावं.

दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे गेलो, ओरिजनल घेऊन. म्हणाला, "इलेक्ट्रिकल पार्टले वापसी नाही जी."

बरं. वापसी नको. पण भाऊ, लाज कशाची वाटते तुला, वाकायची? हात काळे व्हायची? दोन हजारांचा डबा विकत घेतलास म्हणजे मिस्त्री झालास का? त्यात जे दिसतं ते वाचायचीही तसदी घेत नाहीस. पहिलं अक्षर बघतोस आणि पार्टवाल्याला फोन लावतोस. चुकलं तर पैसे गिऱ्हाइकाचे, तुझं काय जातं? तुझ्याकडे येणारा माणूस इंजिनिअर नसतो, म्हणून तर तो तुझ्याकडे येतो. आणि मीही मोठा शहाणा! दोन कोडचे अर्थ स्वतः वाचले होते, तरी पंख्याखाली बसून चहा पीत बिलावर सही केली. एकालाही म्हणालो नाही की आधी दाखव, मग बदल. पण तो आवाज, तो मी तुला सांगितला होता. गाडी रात्री ठेवून घे, सकाळी ऐक, असंही सांगितलं होतं. तू मला पेट्रोलचं सांगितलंस. एकदा, फक्त एकदा, थंड इंजिनाजवळ कान न्यायचा होता.